बटण लावायला साडेचार वर्षं

आज सकाळी शर्टाचं बटण कसं लावलंत, सांगता येईल? नाही ना! ते काम हातांनी तुम्हाला न विचारता परस्पर उरकलं. आता डावा हात पाठीमागे धरा आणि तोच शर्ट नुसत्या उजव्या हाताने घालून बघा. घाम फुटतो.

अर्धांगवायूने एक बाजू लुळी पडलेल्या माणसाला हीच गोष्ट पुन्हा शिकवायची, हा ऑक्युपेशनल थेरपिस्टचा रोजचा उद्योग. मराठीत याला व्यवसायोपचार म्हणतात. नाव जरा फसवं आहे. इथे ‘व्यवसाय’ म्हणजे नोकरीधंदा नव्हे. दात घासणं, वेणी घालणं, चहा करणं, ज्यात आपला दिवस जातो ते सगळंच.

आणि त्यासाठी चक्क पदवी! महाराष्ट्रात बी.ओ.टी.एच. हा अभ्यासक्रम वर्षानुवर्षं साडेचार वर्षांचा चालत आला, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिपचे. व्यवसायोपचारकांच्या जागतिक महासंघाचा दंडक असा, की प्रत्यक्ष रुग्णांसोबत किमान 1000 तास घालवल्याशिवाय पदवी नाही.

एवढं शिकायचं तरी काय? सुरुवात शरीररचनेपासून. एका हातात 27 हाडं. पण खरी गंमत पुढेच आहे: बोटं हलवणारे स्नायू बोटांत नसतातच! काही तळहातात, पण दणकट ते कोपराखाली, आणि तिथून दोऱ्या बोटांपर्यंत आलेल्या. कळसूत्री बाहुलीच की! मूठ वळा, दुसऱ्या हाताने कोपराखाली चाचपा. दोऱ्या ओढणारा तिथे सापडेल.

मग साध्या कामाची चिरफाड. चहा करायचा म्हणजे डबा आठवणं, झाकण फिरवणं, उतू जाण्याआधी गॅस बारीक करणं. रुग्ण नेमका कुठे अडतो? हातात, नजरेत की आठवणीत? उत्तर बदललं की उपचार बदलतो. शर्टाचा नियम मात्र ठरलेला: घालताना लुळा हात आधी, काढताना शेवटी.

ही विद्या इथे आणली कमला निंबकरांनी. मूळच्या अमेरिकन एलिझाबेथ लंडी. लग्न करून त्या इथल्या झाल्या, फिलाडेल्फियाला जाऊन हे शास्त्र शिकल्या आणि 1950मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात त्यांनी या शास्त्राचं भारतातलं पहिलं विद्यालय काढलं. दोनच वर्षांनी जागतिक महासंघ उभा राहिला, तेव्हा संस्थापक दहा देशांत भारत होता!

या अभ्यासक्रमात मला सर्वांत भावतो तो स्प्लिंटचा, म्हणजे हाताला आधार देणाऱ्या पट्टीचा, तास. प्लास्टिकचा कडक तुकडा गरम पाण्यात टाकला, की भिजलेल्या पापडासारखा लुळा पडतो. पुसून मनगटावर बसवायचा. काही मिनिटांत तो हाताचाच आकार घेऊन घट्ट होतो. पण कापायचा कुठवर? ज्योतिषी वाचतो त्याच रेषा इथे वाचतात. आयुष्यरेषा मोकळी सोडली तर अंगठा फिरतो. हृदयरेषेच्या अलीकडे कात्री थांबली तर मूठ वळते.