उपाशीपोटी वाढणारी साखर

फ्लूने अंथरुणाला खिळलेला टाइप 1 मधुमेहाचा रुग्ण दिवसभर काही खात नाही, आणि तरी त्याची साखर 400 च्या पुढे जाते. ती येते कुठून? त्याच्याच यकृतातून.

श्वसनमार्गात विषाणू शिरला की कॉर्टिसॉल, अॅड्रेनलिन, ग्लुकागॉन ही संप्रेरकं यकृताला साखर सोडायला लावतात. लढायला इंधन हवं ना! एरवी स्वादुपिंड जास्तीचं इन्सुलिन सोडून तोल सांभाळतं. इथे ते इन्सुलिनच नसतं. रक्तात साखरेचा पूर आणि पेशी मात्र उपाशी. साखर लघवीवाटे जाताना पाणी ओढून नेते, शरीर सुकतं. मग चरबी वितळू लागते, यकृत तिच्यापासून कीटोन बनवतं आणि रक्त आम्ल होत जातं. रक्ताचा पीएच 7.4 च्या आसपास असावा लागतो, तो 7.3 च्या खाली गेला की डॉक्टर डायबेटिक कीटोअॅसिडोसिस, म्हणजेच ‘डीकेए’चं निदान करतात.

आता शरीर जे करतं, त्याने मी दर वेळी थक्क होतो. मेंदूला ही आम्लता कळते आणि तो श्वास खोल, वेगवान करतो. कार्बन डायऑक्साइड जितका बाहेर पडेल तितकी आम्लता उतरते. म्हणजे माणूस अक्षरशः श्वासावाटे आम्ल फेकत असतो! जर्मन वैद्य अडॉल्फ कुसमाउल यांनी 1874 मध्ये या श्वासाचं वर्णन केलं, आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्याला पिकलेल्या फळासारखा वास येतो, तो अॅसिटोनचा. आणि हा सगळा भार पडतो तो विषाणूने आधीच ग्रासलेल्या फुप्फुसांवर. घरच्यांना वाटतं, छातीत कफ झालाय.

2021 च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने याची पुढची पायरी पाहिली. कोविड, मधुमेह आणि स्टेरॉइड एकत्र आले आणि म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार फोफावला. रक्त आम्ल झालं की लोह त्याला धरून ठेवणाऱ्या प्रथिनापासून सुटतं, आणि मोकळं लोह हे या बुरशीचं खाद्य.

म्हणून कळकळीने सांगतो: जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन बंद करू नका. किती घ्यायचं, ते डॉक्टरांना विचारा. आजारपणात साखर दर तीन-चार तासांनी पाहा, कीटोनही तपासा. ग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्या चालू असतील तर साखर फारशी न वाढताही डीकेए होऊ शकतो. उलट्या, पोटदुखी, धाप किंवा गुंगी दिसली तर सकाळची वाट पाहू नका, थेट रुग्णालय गाठा.