विश्लेषण : रुग्णालयाचा डेटा क्लाउडवर नेण्यासाठी कंत्राटी डेव्हलपर नेमताना काय पाहावे?

जुन्या सर्व्हरवरील रुग्णांच्या नोंदी क्लाउडवर नेण्याचे काम काही महिन्यांचे असते. त्यासाठी कायमची नोकरी देण्याऐवजी कंत्राटी डेटा डेव्हलपर नेमला जातो. काम संपले की तो जातो. त्याच्या हातून चुकलेली नोंद मात्र रुग्णाच्या फाइलमध्ये राहते.

काम नेमके कोणते?

क्लाउड म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या डेटा सेंटरमधील भाड्याची जागा. तिथे फाइल पाठवणे सोपे. नोंदीचा अर्थ न बदलता ती नेणे अवघड. एकच रुग्ण कधी ‘सुनीता पाटील’, तर कधी ‘पाटील सुनिता’ म्हणून नोंदलेली असते. या दोघी एकच आहेत का? घाईने जोडल्यास दोन वेगळ्या महिलांचे रक्तगट एकाच फाइलमध्ये येऊ शकतात. ०३/०४ ही तारीख ३ एप्रिल की ४ मार्च, हाही प्रश्नच.

सर्वात धोकादायक असतो तो ‘शेरा’ हा रकाना. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी डॉक्टरांनी तिथेच लिहून ठेवलेली असते. नव्या प्रणालीत अ‍ॅलर्जीसाठी स्वतंत्र रकाना असतो. शेऱ्यातली माहिती तिथे पोहोचली नाही, तर तो रिकामा दिसतो आणि रात्रपाळीचे डॉक्टर त्याचा अर्थ ‘अ‍ॅलर्जी नाही’ असा घेऊ शकतात.

मुलाखतीत काय विचारावे?

एसक्यूएल आणि पायथन यायलाच हवे. आयुष्मान भारत डिजिटल मिशनशी जोडायचे असल्यास ‘एफएचआयआर’ हे मानकही माहीत हवे. पण प्रमाणपत्रांवर फार विसंबू नये. बनावट रुग्णांच्या पन्नास गोंधळलेल्या नोंदी समोर ठेवाव्यात आणि उमेदवार कोणत्या शंका काढतो, ते ऐकावे. एकही प्रश्न न विचारता तासाभरात सगळे ‘स्वच्छ’ करून देणाऱ्याला नेमू नये, हे बरे.

डेटा फुटला तर जबाबदार कोण?

रुग्णालयच. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार कंत्राटदाराने हाताळलेल्या डेटाचीही जबाबदारी रुग्णालयावर येते. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यास त्यानंतर १८ महिन्यांची मुदत आहे. मात्र सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत ‘सर्ट-इन’ला कळवण्याचे बंधन २०२२ पासूनच आहे. त्यामुळे ‘काही गडबड दिसताच तात्काळ कळवावे’ ही अट करारात हवीच.

करारात आणखी काय असावे?

खरा डेटा स्वतःच्या लॅपटॉपवर घेण्यास मनाई. चाचणीसाठी नावे-नंबर बदललेल्या नोंदी. आणि शेवटच्या दिवशी सर्व पासवर्ड व प्रवेश बंद. जुना सर्व्हर लगेच भंगारात काढू नये. नोव्हेंबर २०२२ मधील सायबर हल्ल्यानंतर दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये नोंदणीपासून अहवालांपर्यंतची कामे हाताने करावी लागली होती. क्लाउडवर जातानाही प्रणाली अडकू शकते, तेव्हा छापील केसपेपरचा साठा जवळ ठेवणे शहाणपणाचे.

मानधनाचा शेवटचा हप्ता जुन्या-नव्या नोंदींचा ताळमेळ लागेपर्यंत राखून ठेवावा. केवळ आकडे जुळणे पुरेसे नाही. डॉक्टर व परिचारिकांनी काही फाइल उघडून औषधे, अ‍ॅलर्जी आणि रक्तगट डोळ्यांनी तपासावेत. कोणता जुना रकाना कुठे गेला, याची लेखी नोंदही डेव्हलपरकडून घ्यावी आणि तो असतानाच रुग्णालयातील कर्मचाऱ्याने तिच्या आधारे एक चाचणी स्वतः करून पाहावी.