पट्टा-करवतीस घरीं धार कशी लावावी

करवत पाहिली नाहीं असा विद्यार्थी विरळाच. सुताराच्या हातांतील करवत पुढेंमागें चालते. परंतु बहुधा एकाच दिशेनें जातांना ती लांकूड कापते व परत येतांना नुसती सरकते. पट्टा-करवतीची गोष्ट निराळी आहे. पोलादाची एक लांब व पातळ पट्टी घेऊन तिचीं दोन्ही टोकें सांधलेलीं असतात. ही पट्टी एकावर एक बसविलेल्या दोन चाकांवरून अखंड फिरते, आणि तिचे दांते वरून खालीं येत सारखे लांकूड कापीत राहतात. ह्या यंत्राची कल्पना १९ व्या शतकाच्या आरंभींच इंग्लंडांत निघाली होती. परंतु पात्याचा सांधा टिकत नसे. पुढें फ्रान्सांतील आन पोलिन क्रेपिन ह्या बाईंनीं १८४६ सालीं सांधा जोडण्याच्या रीतीचें पेटंट घेतलें, आणि त्यानंतर हें यंत्र हळूहळू कारखान्यांत रूढ झालें.

आमच्या पडवींत असें एक लहान यंत्र आहे. गेल्या सुटींत बाबांनीं आजोबांच्या जुन्या घराचें सागवानी दार आणिलें. त्याच्या फळ्यांतून धाकट्या बहिणीकरितां पुस्तकांचें कपाट करावयाचें होतें. पहिली फळी यंत्रावर चढविली. पण कांहीं केल्या चीर सरळ जाईना. पातें सारखें डावीकडे ओढूं लागलें, आणि हां हां म्हणतां अर्धी फळी वांकडी कापली गेली. बाबांनीं यंत्र थांबविलें व पातें उतरवून उजेडांत धरिलें. “अरे, फळीचा दोष नाहीं,” ते म्हणाले, “धार लावणाराचा आहे.” धार मींच लाविली होती!

माझी चूक कोणती, तें सांगतों. आमचें पातें ९३.५ इंच लांब असून त्यास इंचास ४ प्रमाणें एकंदर ३७४ दांते आहेत. त्यांपैकीं एक दांता किंचित् डावीकडे, तर पुढचा उजवीकडे वांकविलेला असतो. ह्यास दांते फांकविणें म्हणतात. दांते फांकविलेले नसतील तर चीर पात्याच्या जाडीइतकीच पडेल व पातें लांकडांत अडकून तापेल. मीं डावीकडचे १८७ दांते हौसेनें तीन तीन वेळां कानसले. उजवीकडच्या १८७ दांत्यांची पाळी येईपर्यंत मी कंटाळलों, आणि त्यांस एकेकदांच कानस लाविली. अर्थात् डावी ओळ तीक्ष्ण व उजवी बोथट राहिली. जी ओळ अधिक कापते, तिकडे पातें ओढलें जाणारच.

त्या सायंकाळीं बाबांनीं मजकडून सर्व काम पुनः करवून घेतलें. त्याची रीत अशी:

प्रथम यंत्राची वीज तोडावी, हातमोजे घालावे व मगच पातें उतरवावें. गुंडाळलेलें पातें सोडतांना तें एकदम उसळतें, म्हणून चेहरा दूर ठेवावा. घासलेटाच्या फडक्यानें दांत्यांवरील राळ पुसावी. नंतर एका दांत्यावर कानस हलकेच फिरवून पाहावी. ती पोलाद खात असेल तर पुढें जावें. नुसती घसरत असेल तर त्या पात्याचे दांते कठीण केलेले आहेत, त्यांवर कानशीचा इलाज चालत नाहीं.

मग दोन सरळ पट्ट्यांमध्यें पातें धरून व्हाइसमध्यें आवळावें. दांते वर असून पट्ट्यांच्या थोडेच बाहेर दिसावे. नाहीं तर पातें थरथरतें व कानस किंचाळते. पात्याचा बाकीचा भाग खुंट्यांवर टांगून ठेवावा. आरंभाच्या दांत्यावर खडूची खूण करावी, म्हणजे आपण कोठून निघालों ह्याचा विसर पडत नाहीं.

फांकविण्याचें काम धार लावण्यापूर्वीं करावें. ह्यासाठीं पकडीसारखें एक हत्यार मिळतें. दांत्याचा केवळ वरचा तिसरा हिस्सा वांकवावा, बुडापासून वांकवूं नये. जो दांता ज्या बाजूस कललेला असेल त्याच बाजूस वांकवावा. उलट वांकविल्यास तो मोडतो. ओल्या लांकडास फांक अधिक लागते, सुक्या व कठीण लांकडास कमी.

यानंतर त्रिकोणी कानस. ती पात्याशीं काटकोनांत व आडवी धरावी. दांत्याचा मूळचा कल बदलूं नये. पुढें ढकलतांनाच दाब द्यावा व परत आणतांना कानस उचलावी. दोन दांत्यांमधील खांचेचा तळ गोलसर राहील अशी काळजी घ्यावी, कारण खांचेंत तीक्ष्ण कोपरा पडला कीं तेथूनच पात्यास चीर जाते. एका बाजूनें एकाआड एक दांते कानसून झाले कीं पातें फिरवून राहिलेले घ्यावे. मुख्य नियम हा कीं, प्रत्येक दांत्यास कानशीचे फेरे सारखे व दाबही सारखा असावा. हात थकल्यास काम थांबवावें, मोजणी सोडूं नये.

शेवटीं पातें दिव्यासमोर धरावें. बोथट दांत्याच्या टोंकावर उजेडाचा पांढरा ठिपका चमकतो. तीक्ष्ण टोंकावर तो दिसत नाहीं. मला प्रथम एकूणचाळीस ठिपके दिसले! ते सर्व नाहींसे होईपर्यंत रात्रीचे नऊ वाजले.

दुसऱ्या दिवशीं आधीं एका टाकाऊ लांकडावर रेघ आंखून पातें चालविलें. तें रेघेवरून ढळलें नाहीं. मग उरलेल्या फळ्या कापल्या, आणि कपाट झालें; मात्र योजिल्यापेक्षां एक खण कमी. ती वांकडी कापलेली फळी बाबांनीं जाळली नाहीं. यंत्राशेजारीं भिंतीस ती ठोकली असून तिच्यावर कानस व खडू ठेवितात. कानस हातीं घेतांना ती वांकडी कड मला रोज दिसते, आणि मी पहिल्या दांत्यापासून मोजूं लागतों.