प्लग फेकण्याआधी

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

विश्रांतवाडीत आळंदी रस्त्याच्या कडेला माझे छोटेसे गॅरेज होते. तीसेक वर्षे तिथे काढली. आषाढी वारीत माउलींची पालखी याच रस्त्याने पुण्यात येते. तो एक दिवस गॅरेज बंद, बाकी वर्षभर दारात गाड्यांची रांग. धानोरी, कळस, टिंगरेनगर, लोहगाव अशा आसपासच्या भागांतून माणसे यायची आणि बहुतेकांची तक्रार एकच असायची, "गाडी मिसिंग करतेय."

मिसिंग म्हणजे इंजिनाने मध्येच ठोका चुकवणे. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण येते, पिस्टन ते दाबतो आणि नेमक्या क्षणी प्लगची ठिणगी पडून ते पेटते. ठिणगी पडलीच नाही, किंवा दुबळी पडली, तर तेवढे मिश्रण न जळता बाहेर जाते. गाडी झटका देते, चढावर दम टाकते, सायलेन्सरमधून 'फट्' असा आवाज येतो. टू-स्ट्रोक इंजिनाला दर फेऱ्याला एक ठिणगी लागते. मिनिटाला ४,००० फेरे धरले तर सेकंदाला साठाहून अधिक ठिणग्या झाल्या. एवढे काम करणारी वस्तू बोटाएवढी असते आणि गाडीतल्या इतर भागांच्या मानाने स्वस्तही असते. म्हणूनच तिच्याकडे कोणी नीट बघत नाही.

प्लगची रचना साधी आहे. मधोमध धातूची कांडी, तिच्याभोवती चिनीमातीसारखे पांढरे आवरण, बाहेर आटे पाडलेले लोखंडी अंग आणि त्याला खाली वाकवलेला एक आकडा. कांडी आणि आकडा यांच्यात मिलिमीटरहून कमी फट असते. हजारो व्होल्टची वीज ती फट ओलांडते, तीच ठिणगी. जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातील गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ मध्ये उच्च दाबाच्या मॅग्नेटोबरोबर असा प्लग सिद्ध केला. तेव्हापासून त्याचे मूळ रूप फारसे बदललेले नाही.

पुणेकरांचा आणि प्लगचा परिचय जुना. चेतक आणि लूना या दोन्ही गाड्या १९७२ सालच्या. दोन्ही टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलबरोबर तेलही जाळणाऱ्या. त्यामुळे प्लग वरचेवर काळा व्हायचा. जवळ एक जास्तीचा प्लग आणि प्लगपाना नाही असा स्कूटरवाला विरळाच. गाडी बंद पडली की आधी ती एका अंगाला कलती करायची, मग किका मारायच्या, तरीही नाहीच तर प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा. गाडी सुरू झाली की सगळे विसरून जायचे. मीही सुरुवातीला तेच करत होतो. प्लग बदलायचा, जुना कचऱ्यात टाकायचा, पुढची गाडी घ्यायची.

ही सवय कशी सुटली ते सांगतो, कारण त्याची किंमत दुसऱ्याने मोजली.

लोहगावकडचे एक दूधवाले माझे नेहमीचे गिऱ्हाईक होते. मी त्यांना मामा म्हणायचो. त्यांच्याकडे एम-८० होती, दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या. एका सकाळी आले आणि म्हणाले, "मिस्त्री, वेग घेतला की अडखळतीय. लवकर बघा, दूध नासंल." मी प्लग काढला. त्याचे टोक पांढरे फटक पडले होते, आवरणावर बारीक फोड आल्यासारखे दिसत होते. मला ते दिसले, पण मी थांबलो नाही. नवा प्लग लावला, गाडी सुरळीत चालली, मामा गेले. आठवडाभराने कळसजवळ भर वेगात पिस्टन जाम झाला आणि मागचे चाक अडकले. मामा पडले, मनगट मोडले, दूध रस्त्यावर गेले. दीड महिना त्यांचा मुलगा शाळा बुडवून सायकलवरून रतीब घालत होता.

इंजिन खोलले तेव्हा कळले की कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या पॅकिंगला चीर गेली होती. तिथून फाजील हवा आत शिरत होती. पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की सिलिंडर प्रमाणाबाहेर तापतो. टू-स्ट्रोकमध्ये वंगणाचे तेलही त्या पेट्रोलमधूनच यायचे. म्हणजे दुखणे प्लगचे नव्हतेच. प्लगने ते आठवडाभर आधी दाखवले होते आणि मी तो कचऱ्यात टाकला होता.

त्यानंतर मी काढलेला प्लग वाचायला शिकलो. वैद्य आधी जीभ बघतो ना, तसेच हे आहे. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी, कोरडे असेल तर आतली आग ठीक आहे. टोकावर काजळीसारखी कोरडी, हाताला लागणारी काळी पूड असेल तर पेट्रोल जास्त होते आहे. चोक ओढलेला राहिला असेल, एअर फिल्टर धुळीने भरला असेल किंवा ठिणगीच दुबळी असेल. टोक काळे आणि तेलकट असेल तर तेल जळते आहे. टू-स्ट्रोकमध्ये तेलाचे प्रमाण चुकले असेल. फोर-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील किंवा वॉल्व्हची सील गेली असतील. टोक पांढरे, फोड आलेले असेल तर इंजिन जास्त तापते आहे. तेव्हा गाडी पळवू नये, कारण शोधावे.

रंगाइतकीच महत्त्वाची झीज. नव्या प्लगच्या कांडीची कड धारदार असते. प्रत्येक ठिणगी धातूचा सूक्ष्म कण घेऊन जाते. हळूहळू कड गोल होते, फट वाढते. फट वाढली की ती ओलांडायला अधिक व्होल्ट लागतात. गाडी उभी असताना हे जाणवत नाही. चढावर ॲक्सिलरेटर पिळला की सिलिंडरमधला दाब वाढतो, दाबलेल्या हवेतून ठिणगी पाडणे आणखी अवघड होते आणि नेमकी तिथेच गाडी ठोका चुकवते. म्हणून प्लग बाहेर काढून, इंजिनाला टेकवून, किक मारून ठिणगी दिसली की "प्लग चांगला आहे" म्हणणे फसवे आहे. उघड्यावर पडणारी ठिणगी आतल्या दाबाखाली पडेलच असे नाही.

याचा अनुभव एका रिक्षावाल्या दादांनी दिला. त्यांची रिक्षा सीएनजीवर मिसिंग करत होती. दुसरीकडे त्यांना इंजिनकाम सांगितले होते आणि त्यासाठी ते व्याजाने पैसे काढायला निघाले होते. मी विचारले, "पेट्रोलवर चालवून पाहिलीत का?" पेट्रोलवर रिक्षा ठीक चालत होती. प्लग काढला. रंग उत्तम, तेलाचा मागमूस नाही, म्हणजे रिंगा शाबूत. पण कांडीची कड गोल झालेली आणि फट पुस्तकात दिली होती तिच्या जवळजवळ दीडपट. गॅसवर ठिणगी पडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्ट लागतात, त्यामुळे झिजलेला प्लग तिथे आधी उघडा पडतो. नवा प्लग, बरोबर फट, एवढ्यावर काम भागले. कर्ज टळले. दादा दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आले, तेव्हा मला मामांचे मनगट आठवले.

आता काही काळजीच्या गोष्टी. गरम इंजिनातून प्लग काढू नये. एक तर हात भाजतो, दुसरे म्हणजे ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे जातात. काढण्याआधी भोवतालची माती फुंकून घ्यावी, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. पाहणी करायची तर गाडी आधी पाच-सहा किलोमीटर चालवावी. चोकवर नुसती सुरू करून बंद केलेल्या गाडीचा प्लग काळाच दिसणार. बसवताना आधी हाताने फिरवावा, शेवटीच पाना लावावा. चारचाकीचे प्लग काढले तर कागदावर १, २, ३, ४ अशा क्रमाने मांडावेत. तिघांचा रंग सारखा आणि एकाचा वेगळा असेल तर दुखणे कुठल्या सिलिंडरचे ते आपोआप कळते. प्लग निर्दोष निघाला तर मग कॅप, वायर आणि कॉइल तपासावी.

काळ बदलला आहे. २००० च्या फेब्रुवारीपासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ लागू झाले आणि कार्ब्युरेटरची जागा इंजेक्शनने घेतली. इरिडियमचे प्लग आले; ते जास्त टिकतात, पण पॉलिश पेपरने घासले तर टोकाची नाजूक कांडी खराब होते. मिसिंगकडे दुर्लक्ष करणे मात्र आता अधिक महाग पडते. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या नळीतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि ती महागडी जाळी वितळू शकते. दोन-तीनशे रुपयांच्या प्लगसाठी हजारोंचा खड्डा! शिवाय तो धूर आपल्याच श्वासात जातो. २०२० मध्ये चेतक पुन्हा रस्त्यावर आली ती विजेवर चालणारी, तिला प्लगच नाही. पण पेट्रोलच्या आणि गॅसच्या गाड्या अजून बरीच वर्षे आपल्या सोबत आहेत.

मामांचे प्लास्टर निघाल्यावर ते गॅरेजवर आले. मी मान खाली घातली होती. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "मिस्त्री, हितून पुढं काढलेला प्लग मला दाखवत जावा." तेव्हापासून गॅरेज बंद होईपर्यंत प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातात मी त्याचा जुना प्लग दिला आणि मगच नवा बसवला. तुमच्या मिस्त्रीनेही तो दाखवावा, असा आग्रह धरा. प्लग हातात आला की आधी त्याचे टोक बघा, मग खुशाल फेका.