हाडाने धरलेला दात

कवळीची खरी परीक्षा खालच्या जबड्यात होते. वरची निदान टाळूला धरून बसते. खालची जीभ हलली की उचलली जाते, भाकरी चावताना सरकते. त्यात दात काढल्यावर तिथलं हाड वर्षागणिक झिजत जातं, त्यामुळे यंदा घट्ट बसलेली कवळी चार-पाच वर्षांत खुळखुळायला लागते. दात पुन्हा हाडातच रोवावा, ही हौस म्हणूनच फार जुनी. होंडुरासमध्ये १९३१ साली माया काळातला एक जबडा सापडला. त्यात खालच्या तीन पुढच्या दातांच्या जागी दाताच्या आकाराचे शिंपल्याचे तुकडे ठोकलेले होते. पुढे १९७० साली त्याचे एक्स-रे काढले, तेव्हा तुकड्यांभोवती नवं हाड धरल्याच्या खुणा दिसल्या. म्हणजे हा उद्योग माणूस जिवंत असताना झालेला!

विसाव्या शतकातले सुरुवातीचे प्रयत्न पटकन सांगून टाकतो. अमेरिकेत ग्रीनफिल्ड यांनी १९१३च्या सुमारास इरिडियम-प्लॅटिनमची पिंजऱ्यासारखी नळी हाडात बसवली. बॉस्टनच्या स्ट्रॉक बंधूंनी तिशीच्या दशकाच्या अखेरीस व्हायटॅलियम या मिश्रधातूचे स्क्रू वापरले. साठच्या दशकात न्यूयॉर्कच्या लिओनार्ड लिंकोव्ह यांची चपट्या पात्यासारखी इम्प्लांट्स चलनात आली. काही टिकलीही. पण बऱ्याचदा शरीर धातूभोवती मऊ तंतूंचा पदर गुंडाळून टाकायचं आणि कालांतराने दात हलू लागायचा. खऱ्या दाताभोवतीही तंतू असतातच की, असं म्हणून कित्येक तज्ज्ञ त्या पदराचंच कौतुक करत. १९७८ साली हार्वर्डमधल्या परिषदेने यशाची कसोटी ठरवली, ती काय, तर पाच वर्षांनी शंभरातली पंचाहत्तर इम्प्लांट्स कामाला येत असली की झालं. तोवर स्वीडनमध्ये एका माणसाच्या जबड्यात चार स्क्रू तेरा वर्षं घट्ट बसलेले होते.

हे स्क्रू बसवणारे पेर-इंगवार ब्रोनेमार्क दातांचे डॉक्टर नव्हतेच. त्यांचा विषय शरीररचना, आणि ध्यास रक्ताभिसरणाचा. जिवंत हाडात रक्त कसं वाहतं ते डोळ्यांनी पाहता यावं म्हणून १९५२ साली लुंडमध्ये त्यांनी सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची एक बारीक खिडकी बसवली आणि तिच्यातून सूक्ष्मदर्शकाने निरीक्षणं केली. काम झाल्यावर ते महागडं उपकरण काढून पुन्हा वापरायचं होतं. ते निघेचना. हाड थेट धातूला भिडून वाढलं होतं, मध्ये तो मऊ पदर नव्हता.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथेच थांबतात आणि नशिबाला श्रेय देऊन मोकळे होतात. मला ते पटत नाही. नशिबाचा भाग त्या एका दिवसापुरता. त्यानंतर ब्रोनेमार्क यांनी तेरा वर्षं प्राण्यांवर प्रयोग केले, कुत्र्यांच्या जबड्यात दात बसवून पाहिले, आणि १९६५ साली गोथेनबर्गमध्ये पहिल्या माणसाला हात लावला. गोस्टा लार्सन त्याचं नाव. जन्मापासून टाळू फाटलेला, जबडा सदोष, दात नाहीत. त्याच्या खालच्या जबड्यात चार स्क्रू घातले. लार्सन २००६ साली वारला, तेव्हाही त्याचे दात त्याच आधारावर उभे होते.

गोथेनबर्गच्या पद्धतीचं मर्म धातूइतकंच हाताळणीत होतं. ड्रिल वेगाने फिरलं की हाड तापतं, आणि तापलेलं हाड मरतं. याच गटाने १९८३ साली दाखवून दिलं की ४७ अंश सेल्सियस एक मिनिट सोसलं तरी हाडाला इजा होते. म्हणजे चटका बसतोय असं कुणाला वाटायच्या आतच नुकसान झालेलं असतं. म्हणून भोक एकदम पाडायचं नाही. बारीक ड्रिलपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने रुंद करत जायचं, सलाइनची धार सतत चालू ठेवायची आणि शेवटी स्क्रू अगदी सावकाश फिरवत आत न्यायचा. मग हिरडी शिवून टाकायची आणि थांबायचं. खालच्या जबड्यात तीन महिने, वरच्यात सहा, कारण वरचं हाड भुसभुशीत. त्यानंतर हिरडी पुन्हा उघडून वर दात चढवायचा.

स्वीडनच्या दंतवैद्यांना हे उपरं प्रकरण सहन होईना. १९६९ सालचा एक किस्सा सांगतात. ब्रोनेमार्क यांच्या कामावर रीडर्स डायजेस्टमध्ये लेख आला होता. भर सभेत एक ज्येष्ठ प्राध्यापक उठून म्हणाले, असल्या मासिकात झळकणाऱ्यांवर आपला विश्वास नाही. हे गृहस्थ दात कोरायच्या काड्यांच्या एका ब्रँडची शिफारस करण्याबद्दल देशभर प्रसिद्ध होते. ब्रोनेमार्क यांनी जागच्या जागी परतफेड केली: काड्यांच्या डबीवर जाहिरात करणाऱ्यांवर माझाही नाही!

टोमण्याने सभा जिंकता येते, वाद नव्हे. वाद मिटवला तो हिशेबाने. १९८१ साली पंधरा वर्षांची सगळी नोंद छापून आली: ३७१ रुग्ण, ४१० जबडे, २७६८ स्क्रू. पाच ते नऊ वर्षांनंतर खालच्या जबड्यातले ९१ टक्के आणि वरचे ८१ टक्के स्क्रू जागच्या जागी स्थिर. वरच्या जबड्याचा कमी आकडा त्यांनी झाकला नाही, हे मला विशेष वाटतं. पुढच्याच वर्षी टोरांटोच्या परिषदेत जॉर्ज झार्ब यांनी हे काम उत्तर अमेरिकेपुढे मांडलं आणि वारं फिरलं. या स्क्रूंच्या धंद्यामागे पैसा आणि कारखाना होता बोफोर्सचा. होय, तीच कंपनी. आपण तोफांवरून भांडत होतो तेव्हा तिच्याच घरातले स्क्रू जगभर दात बसवत होते.

बाकीची कथा घाईची आहे. बर्नच्या आंद्रे श्रोडर यांनी एकाच शस्त्रक्रियेत भागवून दाखवलं. नव्वदच्या दशकात स्क्रूचा पृष्ठभाग खरखरीत करण्याच्या युक्त्या निघाल्या आणि महिन्यांचे आठवडे झाले. १९९८ साली लिस्बनमध्ये पाउलो मालो यांनी चार स्क्रूंवर अख्खी दंतपंक्ती पेलायची पद्धत आणली. आज आपल्याकडे तालुक्याच्या गावीही 'एका दिवसात पक्के दात' असे फलक दिसतात. हे थोतांड नाही. हाड चांगलं असेल आणि स्क्रू पहिल्याच दिवशी पुरेसा घट्ट बसला असेल तर लगेच तात्पुरता दात चढवता येतो. पण ती 'असेल तर'ची अट फलकावर मावत नाही.

आणि बसवलेला दात किडत नाही म्हणजे त्याला काहीच होत नाही, असं नव्हे. नैसर्गिक दाताला हाडाशी बांधणारे तंतू इथे नसतात. साफसफाई राहिली की हिरडी सुजते, ब्रश करताना रक्त येतं, हाड खाली खाली सरकतं आणि दुखत मात्र फारसं नाही. सिगारेट ओढणाऱ्यांत आणि मधुमेह ताब्यात नसलेल्यांत हा धोका जास्त. शस्त्रक्रियेचे पैसे भरण्याआधी या दोन्ही गोष्टी डॉक्टरांना खऱ्या सांगाव्यात.

आणखी एक. इम्प्लांटच्या पाकिटावर कंपनी, माप आणि लॉट नंबर लिहिलेलं, सोलून निघणारं स्टिकर असतं. दहा वर्षांनी वरचा दात धरणारा आतला छोटा स्क्रू ढिला झाला आणि तोवर तुमचा डॉक्टर गाव सोडून गेला असला, तर नव्या डॉक्टरला कुठल्या कंपनीची किल्ली लावायची ते त्यावरूनच कळतं. बिलासोबत ते स्टिकर मागून घ्या आणि फाइलला लावून ठेवा.