बोटं बांधून कामाला: ग्रेट यार्मथ, ऑक्टोबर १९१३

पहाटे ५. कूपर, म्हणजे पिंपं बनवणारा कारागीर, दारावर थाप मारून मुलींना उठवतो. मेणबत्तीच्या उजेडात मुली बोटांवर सुती चिंध्या गुंडाळतात आणि दोरा दातांनी ओढून घट्ट बांधतात. तिघी एका पलंगावर झोपलेल्या. तीच कामाची टोळी, दोघी मासे साफ करणाऱ्या आणि एक पिंप भरणारी. माशाचा वास बसू नये म्हणून घरमालकिणीने भिंतींना कागद लावून ठेवलेत.

सकाळी ६. या मुली यार्मथच्या नाहीत. हेरिंग माशांच्या थव्यांमागोमाग स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांपासून बंदरं करत त्या इथवर, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, येतात. स्कॉटलंडच्याच लुईस बेटावरच्या पुष्कळजणी घरी गेलिक भाषा बोलतात. व्यापारी आधी विसार देऊन त्यांना हंगामासाठी बांधून घेतो, मग खास आगगाड्या भरून येतात.

सकाळी ९. रात्रभर जाळी टाकलेल्या बोटी येर नदीच्या धक्क्याला लागल्यात. यंदा हजाराहून जास्त बोटी आहेत. लिलाव होतो, आणि मिठात घोळलेले मासे लांबलचक लाकडी हौदात येऊन पडतात.

इथे जरा थांबायला हवं. आखूड सुरी गळ्याशी खुपसायची, मनगटाला एक हिसका द्यायचा, कल्ले आणि आतडी एकदमच बाहेर. त्याच दमात मासा केवढा आहे हे नजरेने ठरवून, मागे वळून न बघता, तो नेमक्या टोपात टाकायचा. सराईत हात मिनिटाला चाळीस ते साठ मासे उरकतात. या कामाला बिनकसबी मजुरी म्हणणाऱ्यांनी ती सुरी एकदा हातात धरून बघावी. यार्मथचा इतिहास बोटींच्या संख्येने सांगितला जातो. जर्मनी आणि रशियात मात्र या हातांखालून गेलेला मासाच विकला जाई.

दुपारी १. पिंप भरणारी बहुधा उंच असते. तळाचे थर लावताना ती कमरेपर्यंत आत वाकते. थर, मीठ, पुन्हा थर. एका पिंपात सातशे ते हजार मासे मावतात. काही दिवसांनी मासे खाली बसले की पिंप पुन्हा भरावं लागतं.

दुपारी ४. चिंधीतून सुरी आत गेली की जखमेत मीठ भरतं. धर्मादाय मिशनच्या केंद्रात परिचारिका मलमपट्टी करतात, आणि मुलगी पुन्हा हौदाशी उभी राहते. मजुरी पिंपावर, तीही तिघींत वाटून. एक घरी बसली की तिघींचं नुकसान.

रात्री १०. दिव्यांच्या उजेडात हौद रिकामा होईपर्यंत काम चालतं. आलेला मासा उद्यावर ठेवता येत नाही. फक्त रविवारी सुऱ्या बंद, त्या दिवशी चर्च. मोकळ्या वेळी रस्त्याने चालतानाही हातात विणकाम असतं.

पुढच्या वर्षी युद्धाने परदेशी बाजार तोडला आणि १९१३ सारखा हंगाम यार्मथला पुन्हा आला नाही. मुली मात्र येत राहिल्या. १९३६ साली पिंपामागचा दर वाढवून मागत त्यांनी याच गावात संप केला.