लहान चित्रवाहिनीची वाढ : काही विचार

यूट्यूबवर स्वतःची वाहिनी सुरू करणे ही आज अत्यंत सुलभ गोष्ट झाली आहे. तिला मोठे भांडवल लागत नाही, परवाना लागत नाही आणि संपादकाची संमतीही घ्यावी लागत नाही. परंतु प्रकाशन सुलभ झाले म्हणून प्रेक्षकही सुलभ झाला असे होत नाही. किंबहुना याच्या उलटच घडते. माहितीची विपुलता झाली म्हणजे ती ग्रहण करणाऱ्या माणसाच्या अवधानाची टंचाई निर्माण होते, असे प्रतिपादन हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच केले होते. नवागताच्या वाहिनीचा प्रश्न हा मुळात या टंचाईचा प्रश्न होय. आपला विषय मराठीतून मांडू पाहणाऱ्या विद्यार्थ्याचा किंवा अध्यापकाचा उत्साह दहावीस चित्रफितींनंतर ओसरू लागला, तर त्यात नवल नाही. अशा वेळी अपयश कशास म्हणावे आणि वाढ कशामुळे होते, याचा निर्णय अंदाजाने न करता ज्ञात गोष्टींच्या आधारे करणे इष्ट ठरते.

प्रथम वस्तुस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. यूट्यूबवरील प्रत्येक चित्रफितीस अकरा चिन्हांचा एक संकेतांक असतो. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील ईथन झुकरमन व त्यांचे सहकारी यांनी असे संकेतांक यदृच्छया जुळवून, त्यांपैकी जे खरोखर अस्तित्वात आहेत त्यांचा नमुना घेतला आणि त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात असे आढळले की, दहा हजार किंवा त्याहून अधिक वेळा पाहिल्या गेलेल्या चित्रफिती एकंदरीच्या ४ टक्क्यांहूनही कमी आहेत. परंतु सर्व प्रेक्षणांपैकी जवळजवळ ९४ टक्के प्रेक्षणे त्यांच्याच वाट्याला जातात. सुमारे ५ टक्के चित्रफिती एकदाही पाहिल्या गेलेल्या नव्हत्या आणि मध्यका चाळिसाच्या आसपास होती. नवागत स्वतःची तुलना ज्या चित्रफितींशी करतो, त्या मात्र यंत्रणेने त्याच्यापुढे आणलेल्या, म्हणजे आधीच यशस्वी झालेल्या असतात. तुलनेचा नमुनाच असा एकांगी असल्याने तीतून निघणारा निराशेचा निष्कर्षही सदोष ठरतो.

ही विषमता केवळ गुणांच्या विषमतेतून येत नाही. ज्याच्यापाशी कीर्ती आहे त्यालाच आणखी कीर्ती मिळते, या प्रवृत्तीचे विवेचन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये विज्ञानक्षेत्राच्या संदर्भात केले. पुढे २००६ मध्ये सॅल्गॅनिक, डॉड्स व वॉट्स यांनी तिची प्रायोगिक कसोटी घेतली. अपरिचित वादकसंघांची ४८ गीते त्यांनी चौदा हजारांहून अधिक व्यक्तींपुढे ठेवली. काहींना इतरांची निवड दिसत नव्हती. उरलेल्यांना आठ स्वतंत्र गटांत विभागून, आपल्या गटात कोणते गीत किती जणांनी उतरवून घेतले ते दाखविले जात होते. इतरांची निवड दिसू लागताच यशातील अंतर वाढले आणि एकाच गीताचे भवितव्य निरनिराळ्या गटांत निरनिराळे झाले. उत्कृष्ट गीते क्वचितच अगदी मागे पडली आणि निकृष्ट गीते क्वचितच पुढे गेली. परंतु मधल्या सर्वांच्या बाबतीत काहीही घडू शकत होते. तात्पर्य, मोठे यश योजून मिळविता येत नाही. गुणवत्तेने केवळ अपयशाची शक्यता कमी करता येते. नवागताने आपली योजना या दुसऱ्या गोष्टीवरच उभारली पाहिजे.

आता शिफारस-यंत्रणेचे कार्य पाहावयाचे. यूट्यूबने २०१२ मध्ये शिफारशींचा भर प्रेक्षणांच्या संख्येवरून प्रत्यक्ष पाहिल्या गेलेल्या काळावर नेला. कव्हिंग्टन, ॲडम्स व सार्गिन या तेथील अभियंत्यांनी २०१६ च्या आपल्या निबंधात यंत्रणेचे दोन टप्पे वर्णिले आहेत. पहिल्या टप्प्यात प्रेक्षकाच्या पूर्वेतिहासावरून लक्षावधी चित्रफितींतून काही शेकडा निवडल्या जातात; दुसऱ्यात त्यांची क्रमवारी लावली जाते आणि ती लावताना प्रेक्षक चित्रफीत उघडील की नाही यापेक्षा ती किती वेळ पाहील, या अपेक्षेला महत्त्व दिले जाते. पुढील काळात प्रेक्षकांच्या समाधानाविषयीच्या प्रश्नावल्यांचाही उपयोग होऊ लागला. यावरून नवागताची अडचण स्पष्ट होते. त्याची चित्रफीत कोणी पाहिलेली नसल्याने ती कोणास आवडेल हे ठरविण्यास यंत्रणेपाशी पुरेसा आधार नसतो. म्हणून आरंभीचा प्रेक्षक बहुधा शिफारशीतून नव्हे, तर शोधातून, म्हणजे एखादा निश्चित प्रश्न घेऊन यावा लागतो.

उदाहरणार्थ, मोडी लिपी शिकविणारी एखादी वाहिनी कल्पावी. मोडीतील दप्तरे महाराष्ट्रात विपुल आहेत आणि ती वाचू शकणारे थोडे आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधास वेग आल्यावर ही उणीव अधिकच जाणवली. अशा वाहिनीने ‘मोडी लिपीचा इतिहास’ या व्यापक विषयाने आरंभ केला, तर ती चित्रफीत जिज्ञासूंसाठी असेल, पण तिची निकड कोणासच नसेल. उलट ‘मोडीतील अंक कसे वाचावेत’ किंवा ‘जुन्या जन्ममृत्यू-नोंदीतील नावे कशी ओळखावीत’ असे शीर्षक घेतले, तर हातात कागद घेऊन बसलेल्या माणसाचा प्रश्न आणि चित्रफितीचे नाव ही एकच होतात. शीर्षक व दर्शनी चित्र यांनी जे आश्वासन दिले, ते पहिल्या अर्ध्या मिनिटातच पुरे होऊ लागले पाहिजे. अध्यापकांच्या अंगवळणी पडलेली दीर्घ प्रस्तावना येथे हानिकारक ठरते, कारण वर्गातील विद्यार्थी उठून जात नाही. येथील प्रेक्षक जातो. तो नेमका कोणत्या क्षणी गेला, याचा आलेख वाहिनीच्या चालकास उपलब्ध असतो. हा आलेख म्हणजे आजवर कोणत्याही व्याख्यात्यास न मिळालेले साधन होय. एका पाठाच्या अखेरीस पुढील पाठाची गरज निर्माण करून पाठांची मालिका बांधली, म्हणजे प्रश्न घेऊन आलेला पाहुणा नियमित प्रेक्षक होण्याची शक्यता वाढते. यंत्रणेस ज्या पूर्वेतिहासाची आवश्यकता असते, तो अशा प्रेक्षकांमुळेच तयार होतो.

यानंतर आकड्यांचा विचार. २०१८ पासून जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी १,००० सदस्य आणि मागील बारा महिन्यांत ४,००० तासांचे प्रेक्षण अशी अट आहे. २०२३ मध्ये प्रेक्षकांकडून थेट साहाय्य घेण्यासारख्या काही सोयींसाठी ५०० सदस्य व ३,००० तासांची खालची पायरी करण्यात आली. लघुचित्रफितींसाठी पर्यायी निकष आहेत. मात्र शॉर्ट्सच्या ओघात पाहिल्या गेलेल्या चित्रफितींचा काळ या तासांत धरला जात नाही. चार हजार तास म्हणजे २,४०,००० मिनिटे. प्रत्येक प्रेक्षण सरासरी दोन मिनिटे टिकत असेल तर १,२०,००० प्रेक्षणे लागतील. तेच चार मिनिटे टिकले तर ६०,००० पुरतील. प्रेक्षक दुप्पट करणे चालकाच्या हाती नसते. परंतु विस्कळीत मांडणी सुधारून टिकाव वाढविणे पुष्कळ अंशी त्याच्या हाती असते. शिवाय हा हिशेब सरकत्या वर्षाचा असल्याने जुने तास गळत जातात. म्हणून प्रासंगिक चित्रफितीपेक्षा वर्षानुवर्षे शोधली जाणारी चित्रफीत अंती अधिक उपयोगी पडते.

लहान आकड्यांपासून मोठे निष्कर्ष काढण्याचा मोहही टाळला पाहिजे. एक दर्शनी चित्र शंभर जणांना दिसले व पाच जणांनी चित्रफीत उघडली. दुसरे शंभरांना दिसले व आठांनी उघडली. दुसरे चित्र सरस, असे वाटणे साहजिक आहे. परंतु या दोन प्रमाणांतील फरक त्याच्या प्रमाण-त्रुटीहूनही कमी आहे. संख्याशास्त्राचा प्राथमिक अभ्यासक्रम झालेला विद्यार्थीही त्यावर भिस्त ठेवणार नाही. दर आठवड्यास धोरण बदलणारा नवागत मात्र नेमके हेच करीत असतो. ‘तू माझा सदस्य हो, मी तुझा होतो’ अशी देवाणघेवाण यूट्यूबच्या नियमांत बसत नाही. ती बसली असती तरी निरर्थकच ठरली असती. असे सदस्य चित्रफिती पाहत नाहीत. त्यांच्यामुळे संख्या वाढते आणि प्रेक्षणकाल तेथेच राहतो.

अखेर प्रश्न उरतो तो मोजमापाचा. चार हजार तास हा आकडा प्रचंड वाटतो; परंतु पन्नास विद्यार्थ्यांच्या वर्गास एका अध्यापकाने ऐंशी तास शिकविले, म्हणजे तेवढेच तास भरतात. जी गोष्ट विद्यापीठात एका वर्षाचे सामान्य काम समजली जाते, तीच वाहिनीवर अवघड शिखर वाटते, कारण येथे वर्ग वेळापत्रकाने भरत नाही. तो एकेका माणसाने भरवावा लागतो. म्हणून शंभर प्रेक्षणांच्या चित्रफितीस अपयश म्हणण्यापूर्वी त्यांपैकी कितीजणांनी ती शेवटपर्यंत पाहिली आणि कितीजण पुढील पाठाकडे वळले, हे पाहिले पाहिजे. त्यांतील वीस जणांना आपल्या घरातील जुना कागद वाचता येऊ लागला असेल, तर वाहिनीचा हेतू सिद्धीस जाऊ लागला आहे. लक्षावधी प्रेक्षक मिळणे ही पुष्कळ अंशी योगायोगाची गोष्ट आहे; हे वीस जण मिळविणे मात्र अभ्यासाने, नेमक्या विषयाने आणि सातत्याने साधण्यासारखे आहे.